लाल रकान्यातली सुकेळी

आजारी माणसांचा रोवेनाला कधी कंटाळा आला नाही. तिला दमवलं ते धडधाकट माणसांनी.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातले तीन दिवस ती वसईत, जुन्या बाजारामागच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून बसायची. सकाळी भुईगावहून स्कूटरवर निघायची, साडेनऊला आपली खोली उघडायची आणि दुपारी दोनपर्यंत माणसं बघायची. वय अठ्ठेचाळीस, त्यातली बावीस वर्षं याच कामात गेलेली. पहिली पंधरा-सोळा वर्षं तिच्यासमोर जी माणसं बसली त्यांना खरोखर काहीतरी झालेलं असायचं. कुणाची किडनी अर्ध्यावर आलेली, कुणाच्या पायाची जखम चिघळलेली, कुणाच्या अंगात बाळंतपणानंतर रक्तच भरत नव्हतं. त्यांना चार साध्या गोष्टी सांगाव्यात, महिन्याने ती परत यावीत, चेहऱ्यावर थोडी तकाकी दिसावी, एवढ्यावर रोवेनाला आपलं शिक्षण सार्थकी लागल्यासारखं वाटायचं.

गेल्या पाच-सहा वर्षांत बाकावरची माणसं बदलली. रिपोर्ट सगळे चोख, वजन बेताचं आणि तोंडावर मात्र दहावीच्या निकालाच्या दिवशी असते तसली कळा.

त्या गुरुवारी बाराच्या सुमारास आलेला विघ्नेश असाच होता. एकोणतीस वर्षांचा, विरारला नव्या इमारतीत राहणारा, कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याने बाही वर करून दंडावर चिकटवलेली पांढरी चकती दाखवली. ती चकती दिवसभर साखर मोजत होती आणि मोबाईलवर त्याची रेघ काढत होती.

"मॅडम, इडलीने मला एकशे एकेचाळीसपर्यंत नेलं."

"आणि दोन तासांनी?"

"शहाण्णव."

"मग बरोबर आहे की. खाल्लं, साखर चढली, शरीराने ती खाली आणली. निरोगी माणसाचं असंच होतं."

"पण इडलीचा जीआय हाय आहे ना? मी इडली सोडली. मग डोसा खाऊन बघितला, तोही चढला. पोहे तर विचारूच नका. आता सकाळी काय खाऊ?"

"भूक लागते का तुम्हाला सकाळी?"

त्याने थोडा विचार केला. "खरं सांगू? भुकेकडे मी बघत नाही. ग्राफकडे बघतो."

रोवेनाने त्याला चाळीस मिनिटं समजावलं. रेघ वर जाणं हा आजार नव्हे, इडलीबरोबर सांबार असतं, चटणी असते, नुसती इडली कुणी खात नाही, आणि कालचा आकडा उद्या तसाच येईल असंही नाही. तो मान डोलवत होता. उठताना त्याने मोबाईल पुढे केला. "हा तुमचाच चार्ट ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पिन केलाय. मी याच्यावरनंच तुम्हाला शोधलं."

लाल, पिवळा, हिरवा असे तीन रकाने आणि खाली तिचं नाव, पदवीसकट. रोवेनाने तो तक्ता एव्हाना शंभर वेळा तरी पाहिला असेल. 

तो तक्ता जन्माला आला त्याला दहा वर्षं झाली होती. तेव्हा ती मुंबईतल्या एका कंपनीसाठी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचे वर्ग घ्यायची. तिथल्या साहेबांना सगळं एका पानावर हवं होतं. "मॅडम, लोक वाचत नाहीत, रंग बघतात," ते म्हणाले. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजेच जीआय, नावाचा आकडा तेव्हा नवा नवा सगळ्यांच्या तोंडी आलेला. खाल्लेल्या पदार्थाने रक्तातली साखर किती वर नेली याचा तो हिशेब, शुद्ध ग्लुकोजला शंभर धरून बाकी सगळं त्याच्या तुलनेत मोजायचं. सत्तर किंवा त्यावर गेला तो पदार्थ लाल, पंचावन्न किंवा त्याखाली असेल तो हिरवा, मधला पिवळा. रोवेनाने पान तयार करून दिलं. खाली बारीक अक्षरांत तीन ओळी लिहिल्या होत्या: हा आकडा एकेका पदार्थाचा आहे, पूर्ण जेवणाचा नाही, किती खाल्लं हे यात येत नाही, मधुमेह नसलेल्यांनी यावरून खाणं ठरवू नये. चित्रं काढणाऱ्याने जागा पुरत नाही म्हणून त्या तीन ओळी उडवल्या. तिने छापून आल्यावर पाहिलं. फोन करावा असं मनात आलं, पण तो राहून गेला.

वर्गात एकाने विचारलंही होतं. "मॅडम, कलिंगड लाल आणि आईस्क्रीम पिवळं? उकडलेला बटाटा लाल आणि वेफर्स पिवळे? हे कसं काय?" रोवेना हसली होती. तेलातुपाने साखर सावकाश चढते म्हणून आकडा लहान येतो, तेवढ्याने पदार्थ चांगला ठरत नाही, असं तिने सांगितलं. पण मग या आकड्याचा उपयोग काय, हे त्या माणसाने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी भुईगावच्या चर्चमधल्या महिला मंडळाने आरोग्य शिबिर ठेवलं. बायका म्हणाल्या, रोवेना, आम्हाला मराठीतनं दे, आपल्या खाण्याचं दे. तिने एका दुपारी बसून तक्ता मराठीत उतरवला. इकडचे पदार्थ घातले. तांदळाची भाकरी, पोळे, कोनफळाचा कंद, राजेळी केळी. आणि सुकेळी. राजेळी केळं चांगलं पिकवायचं, सोलायचं, मांडवावर दिवस दिवस उन्हात सुकवायचं आणि मग केळीच्या वाळक्या पानांत बांधून ठेवायचं. आगाशीकडची जुनी घरं हे अजून करतात. जीआयच्या छापील याद्यांत सुकेळीचा आकडा कुठून असणार? रोवेनाने खजुराकडे पाहिलं, मनुकांकडे पाहिलं, गोडाचा अंदाज घेतला आणि सुकेळी लाल रकान्यात टाकली. आकडा लिहिला बहात्तर. कोनफळाचंही तिने तसंच केलं.

शिबिर छान झालं. तक्ता सगळ्यांना आवडला. मग तो भुईगावातून निघाला आणि कुठे कुठे फिरला ते तिलाही कळलं नाही.

विघ्नेश गेला तेव्हा एक वाजून गेला होता. बाहेर नावं लिहून घेणारी रोशनी आत डोकावली. "मॅडम, एक आजी बसल्यात. नाव नाही लावलेलं. म्हणतात, तुम्ही ओळखता."

आत आल्या त्या मनोरमाकाकू. रोवेनाच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची, सदानंद सरांची बायको. आगाशीहून बस बदलून आल्या होत्या आणि दम खायला दाराशीच थांबल्या. रोवेनाने त्यांना शेवटचं पाहिलं त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. तेव्हाच्या भरदार बाई आता कशा सुकून गेल्यासारख्या दिसत होत्या.

"सर कसे आहेत, काकू?"

"पडले गं. मोरीच्या उंबऱ्याशी उभ्याउभ्या पडले. मनगट मोडलंय." त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलून एका दमात संपवला. "डॉक्टर म्हणाले, हाड सांधेल, पण माणसाच्या अंगावर मांसच नाही. एक्कावन्न किलो. दोन वर्षांपूर्वी पासष्ट होते. डॉक्टरांनी विचारलं, खातात काय? मी काय सांगू? मी म्हटलं, तुलाच विचारावं. तुझ्याच कागदावर चाललंय सगळं."

रोवेनाला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. "माझ्या कागदावर?"

"तो रंगांचा. स्वयंपाकघरात लावलाय दारामागे."

"पण सरांना मधुमेह कधी झाला?"

"झालाच नाही. तेच तर. त्यांचा मोठा भाऊ मधुमेहाने गेला, पाय कापावा लागला होता. तेव्हापासून यांनी मनावर घेतलं. दर तीन महिन्यांनी रक्त काढायला माणूस घरी येतो. दर वेळी सगळं ठीक. ठीक आलं की म्हणतात, बघ, तक्त्याचा गुण. आणि आणखी एक पदार्थ सोडतात."

रविवारी रोवेना आगाशीला गेली. चर्चहून परतल्यावर नवऱ्याला, हिलरीला, म्हणाली, "जेवायला थांबू नकोस." त्याने कुठे म्हणून विचारलं. "एका तक्त्याचं निस्तरायला," ती म्हणाली, आणि त्याने पुढे काही विचारलं नाही.

सरांचं घर बाजारापासून आत, वाडीच्या कडेला. ओटीवर सर आरामखुर्चीत बसले होते, उजवा हात प्लास्टरमध्ये. शाळेत असताना रोवेनाला ते डोंगराएवढे वाटायचे. आता सदऱ्याच्या गळ्यातून हाडं वर आली होती. पण आवाज तोच.

"ये, रोवेना. हिने तुला उगाच त्रास दिला."

"सर, तुम्ही काय खाता ते मला सांगा."

त्यांनी डाव्या हाताने बाजूच्या स्टुलावरून वही उचलली. पाठीमागे आणखी तीन होत्या. आखीव रकाने, तारीख, वेळ, पदार्थ, आकडा. बहात्तर-त्र्याहत्तर साली प्रयोगशाळेत लिहायला शिकलेलं ते टाकातलं अक्षर. मोडल्या हाताच्या दिवसापासूनच्या नोंदी मात्र काकूंच्या हातच्या होत्या. सकाळी उकडलेले मूग. दुपारी पालेभाजी, वरणाची वाटी, ताक. संध्याकाळी सफरचंद. रात्री पुन्हा मूग. भात नाही, बटाटा नाही, केळं नाही, कलिंगड नाही, पोहे नाहीत. ओटीवरून मागची वाडी दिसत होती. केळीचा एक घड झाडावरच पिकून फुटला होता आणि बुलबुल त्यावर बसले होते.

"सर, सफरचंद कुठून आणता?"

"बाजारातून. हिरव्यात आहे ते."

रोवेनाने वही मिटून मांडीवर ठेवली. "सर, तुम्हाला मधुमेह नाही. तुम्ही हे सगळं खायला हवं. भात, केळं, मासे, अंडी. तुमच्या वयाला साखरेपेक्षा अंगातली ताकद जाण्याची भीती जास्त. तुम्ही पडलात ते त्यानेच."

"हे तू म्हणतेस?"

"हो, मी म्हणते."

"आणि आत दारामागे जे लावलंय तेही तूच म्हणतेस. खाली नाव आहे तुझं." सर रागावले नव्हते. मुलांनी उत्तरपत्रिकेत एकाच प्रश्नाची दोन उत्तरं लिहिली की ते असंच विचारायचे. "दोन्हीतलं कुठलं तपासायचं मी?"

मग रोवेनाने आपल्या सरांना तो आकडा कसा काढतात ते सांगितलं. उपाशीपोटी माणसांना बोलवायचं, एकच पदार्थ खायला द्यायचा, दोन तास थोड्या थोड्या वेळाने रक्त तपासायचं.

"किती माणसं?"

"दहा. कधी बारा."

"दहा!" सर खुर्चीत जरा पुढे आले. "आणि त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ दिला तर तोच आकडा येतो?"

"नाही येत, सर. बराच फरक पडतो. भात मऊ शिजवला की वेगळा, शिळा खाल्ला की वेगळा. केळं हिरवट असेल तर वेगळा, पिकलं की वेगळा. वर डाळ घातली, तूप घातलं, मासा घेतला की सगळंच बदलतं."

"मग तो पदार्थाचा गुणधर्म कसा झाला?"

रोवेनाने मांडीवरची वही स्टुलावर ठेवली.

"आणि निरोगी माणसाने हे आकडे पाळले तर त्याचा फायदा होतो, हे कुणी सिद्ध केलंय?"

"नीट नाही, सर. काही पाहण्या थोडा फायदा दाखवतात, काही काहीच दाखवत नाहीत. मधुमेह असेल तर थोडी मदत होते, तीही थोडीच. निरोगी माणसाला डाळ, भाजी, फळं, धान्य, बेताने सगळं खा, एवढं सांगितलं तरी पुरतं."

"एवढंच?"

"एवढंच."

सरांनी वाडीतल्या फुटलेल्या घडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्याकडे दर वर्षी सुकेळी करायचो. आईपासून. दोन वर्षं केली नाहीत. तक्त्यात बहात्तर लिहिलंय. ते कुठे मोजलं?"

हा प्रश्न येणार हे रोवेनाला घरून निघतानाच ठाऊक होतं. थातुरमातुर काही सांगता आलं असतं. पण ज्या माणसाने तिला तापमापीवरचा आकडा डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायला शिकवलं, त्याच्यापुढे तिला ते जमेना.

"कुठेच नाही, सर. कुणी मोजलेलंच नाही. मी अंदाजाने लिहिलं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तोही थांबला. काकू दाराशी येऊन उभ्या होत्या.

"अंदाजाने," सर म्हणाले. "आणि आकडा बहात्तर. सत्तर नाही, पंचाहत्तर नाही. बहात्तर."

"हो."

"प्रयोगवहीत कुणी न घेतलेलं निरीक्षण लिहिलं तर मी काय करायचो, आठवतं?"

"शून्य द्यायचा."

"पूर्ण वहीला," सर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

 माफी मागावी तर कशाची मागावी, तेही रोवेनाला सुचेना. चौदा किलो, एक मनगट, दोन वर्षांची सुकेळी. तिच्या मनात आलं, आपण काही वाईट हेतूने केलं नव्हतं. आणि लगेच आलं, हेतू कोण विचारतंय.

काकूंनी पाणी आणून दिलं आणि स्वतःही तिथेच उभ्याने एक तांब्या संपवला. रोवेना आल्यापासूनचा हा त्यांचा तिसरा. तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती.

"काकू, पायाला काय झालं?"

"काही नाही गं. विळी लागली होती. गणपतीत."

"गणपतीत? म्हणजे दोन महिने होऊन गेले."

"भरत नाही लवकर. वय झालं."

"रात्री उठावं लागतं का तुम्हाला?"

"तीन-चारदा. ते तर वर्षभर चाललंय."

"काकू, तुमचं रक्त कधी तपासलंय?"

मनोरमाकाकूंना हा प्रश्न जरा विचित्रच वाटला. "माझं? माझं कशाला? तो माणूस यांच्यासाठी येतो. मी त्याला चहा करते."

सरांनी डोळे उघडले.

मंगळवारी रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठ्याऐंशी, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा टक्का साडेआठच्या वर. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तरी असणार. दर तीन महिन्यांनी ज्या घरात सुई घेऊन माणूस येत होता, त्या घरात जिला तपासायला हवं होतं ती त्याच्यासाठी चहा ठेवत होती. काकूंनी हळूहळू सांगितलं ते असं, की सरांचं मुगाचं वेगळं आणि आपला भाताचा वेगळा, असे दोन कुकर त्या दोन वर्षं लावत होत्या. आले-गेले, सणवार, नैवेद्य, सगळ्याचं गोडधोड सरांनी नको म्हटलं की टाकवत नाही म्हणून त्याच संपवायच्या. दमल्यासारखं व्हायचं. पण दमायला होतं हे सांगायचं कुणाला?

त्या आठवड्यात रोवेनाने एक गोष्ट केली. भुईगावच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आपल्या आवाजात चार मिनिटांचा निरोप पाठवला. तो तक्ता चुकीचा आहे, काही आकडे माझे मनाचे आहेत, मधुमेह नसेल तर त्याच्याकडे बघूही नका, आणि असेल तर डॉक्टरांना विचारा.  निरोपाखाली सतरा अंगठे आले आणि चार जणींनी हात जोडले. संध्याकाळी एकीने लिहिलं, 'ताई, ऐकायला वेळ नाही मिळाला, थोडक्यात नवीन चार्ट पाठवाल का?'

तिने ते हिलरीला दाखवलं. तो कांदा चिरत होता. "कागद सगळीकडे गेला, कारण तो सोपा होता," तो म्हणाला. "तुझं बोलणं सोपं नाही."

"खरं आहे ते."

"मी कुठे खोटं म्हणतोय?"

विरारच्या एका सोसायटीने तिला त्या तक्त्यावर भाषणाला बोलावलं होतं. त्यांना तिने कळवलं, की येईन, पण तक्ता वाटणार नाही आणि एकाही पदार्थाला चांगला-वाईट म्हणणार नाही. त्यांनी पुढच्या महिन्यात कळवतो म्हणून सांगितलं. पुढे त्यांच्याकडून काही आलं नाही.

शनिवारी सर आणि काकू दोघं दवाखान्यात आले. काकूंना गोळ्या सुरू झाल्या होत्या. सरांच्या काखेत नवी वही होती. कोऱ्या पुठ्ठ्यावर डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत नाव घातलेलं: मनोरमा. आत रकाने आखून झाले होते.

"आता हिला तर तो तक्ता लागेल," सर म्हणाले. आवाजात चक्क उत्साह होता. "मोजलेले आकडे तेवढे ठेवू, अंदाजाचे काढून टाकू. हिचा भात उद्यापासून बंद."

काकूंनी रोवेनाकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. पुन्हा दोन कुकर, एवढंच त्या नजरेत होतं.

"सर," रोवेना म्हणाली, "तुम्ही मला शिकवलंत, म्हणून तुमच्यापुढे बोलायला जड जातं. पण ऐका. काकूंना पहिलं काम गोळ्यांचं. दुसरं पायाच्या जखमेचं. तिसरं, ताटात किती घेतलं त्याचं. चौथं, रोज चालण्याचं. आकडा त्याच्याही मागे कुठेतरी येतो, आणि तो आला नाही तरी फार बिघडत नाही."

"मग खायचं काय?"

"दोघांनी एकच. काकूंचा भात अर्धा, तुमचा पुरा. वरण दोघांना, भाजी दोघांना भरपूर, मासळी असेल तेव्हा मासळी. केळं तुम्हाला अख्खं, काकूंना अर्धं. गोड उरलं तर टाकून द्या, नाहीतर शेजारी द्या. कुकर एकच लावायचा."

"आणि नोंद?"

"काकूंना गोळी दिली की नाही, एवढीच. तीही तुम्ही करायची, त्यांनी नाही."

सरांनी वही चाळली. एवढ्या रकान्यांत भरायला काहीच उरलं नव्हतं. "हे फारच ढोबळ आहे," ते म्हणाले.

"आहे, सर. जेवढं माहीत आहे ते एवढंच ढोबळ आहे."

 सरांनी वही काखेत मारली आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

पुढचं सगळं हळूहळू झालं. सरांचं प्लास्टर निघालं. मनगट थोडं तिरकं जुळलं. ते भात खाऊ लागले, पण पहिला घास घेताना अजून थबकतात, असं काकू सांगतात. तीन महिन्यांत तीन किलो चढले. दोन वर्षांची भीती दोन जेवणांत जात नाही. दारामागचा तक्ता त्यांनी स्वतः काढला. मात्र रोवेनाशी बोलताना सरांच्या आवाजात पूर्वीचं काहीतरी कमी झालं होतं. ते तिला आता 'तुम्ही म्हणता तसं' म्हणायचे. कधीपासून सर आपल्याला तुम्ही म्हणायला लागले, हे रोवेनाला आठवत नव्हतं. तिने ते सुधारायला सांगितलं नाही.

काकूंची साखर उतरली. जखम भरली. संध्याकाळी त्या देवळाच्या तळ्याला दोन फेऱ्या मारतात, सर बरोबर असतात आणि फेऱ्या मोजतात.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी काकू एकट्याच तपासणीला आल्या. बाहेर सहा जण बसले होते. त्यातले दोघं आजारी, चौघं ठणठणीत. रोवेनाने रिपोर्ट पाहिला, वजन घेतलं, पाय पाहिला. पाच मिनिटांत काम संपलं.

"छान आहे, काकू. आता तीन महिन्यांनी या."

काकू उठल्या नाहीत.

"काही राहिलं का विचारायचं?"

"नाही गं. झालं सगळं." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि पाठ खुर्चीला टेकवली. "जरा बसू दे. घरी गेलं की कुणाला तरी काहीतरी हवंच असतं."

रोशनीने दार किलकिलं करून पुढचा कागद दाखवला. रोवेनाने हातानेच थांब म्हटलं. रोशनी दार ओढून गेली. वर पंखा फिरत होता. रोवेनाने चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले आणि तीही खुर्चीत मागे टेकली. बाहेरून कुणीतरी नाचणीचा आकडा किती असतो म्हणून रोशनीला विचारत होतं. दोघी तशाच बसून राहिल्या.